विहीर सापडत नाही: लांब मराठी मजकूर डेटाबेसमध्ये साठवणे आणि शोधणे

पुस्तकघर | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सुट्टीच्या दिवशी काम करते. वाचनालयाचा वार्षिक अंक १९७८ पासून निघतोय. गेली दोन वर्षं आम्ही चौघीजणी ते जुने अंक स्कॅन करून, टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने मजकूर काढून, ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालून मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये भरतोय. आत्तापर्यंत साधारण २,६०० लेख, कविता आणि आठवणी झाल्या. टेबल साधंच आहे: वर्ष, लेखक, शीर्षक, मजकूर. मजकुराच्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट ठेवलाय. कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४.

परवा वाचनखोलीत एका संगणकावर शोधाची सोय करून दिली आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

पहिलं म्हणजे, एक लांब लेख "तेवढ्यात मागच्या दाराची कड" इथेच थांबतो. पुढचं काही नाही. आम्ही तो पूर्ण भरला होता, मला पक्कं आठवतंय.

दुसरं, शोध हळू चालतो म्हणून मजकुरावर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, करायला गेले. लांबी सांगा म्हणाला, १००० सांगितली. इंडेक्स झाला, पण शोधाला लागणारा वेळ जराही कमी झाला नाही. मी 'लाइक' ही शोधाची आज्ञा वापरून शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लावते.

तिसरं मनाला सगळ्यात लागलंय. १९८४ च्या अंकात एका आजींनी वाडीतली विहीर खणल्याची दीड पानी आठवण लिहिली आहे. मी ती स्वतः तपासली आहे. त्यांची नात वाचनालयात आली, तिने "विहीर" टाइप केलं आणि आजीचा लेख आलाच नाही. तिच्यासमोर मी अंक काढून पान उघडून दाखवलं, पण संगणक नाहीच म्हणत होता.

कुणी समजावून सांगाल का? मी शिक्षणाने वाणिज्य शाखेची, डेटाबेस पुस्तकं वाचून शिकले. सविस्तर सांगितलंत तरी चालेल.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

ताई, काम फार मोलाचं करताय. एकेक घेऊ. आधी कापलेला लेख, कारण तिथे मजकूर हातातून जातोय.

मायएसक्यूएलमध्ये टेक्स्ट या प्रकाराची मर्यादा ६५,५३५ आहे. ही मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची आहे. यूटीएफ८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. तुमचाच शब्द घ्या. 'विहीर' म्हणजे व, पहिली वेलांटी, ह, दुसरी वेलांटी, र. वाचताना तीन अक्षरं, साठवताना पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. या हिशोबाने एका टेक्स्ट रकान्यात फार तर २१,८४५ देवनागरी चिन्हं बसतात. मधल्या जागा आणि स्वल्पविराम एकेक बाइटचे, त्यामुळे थोडी जास्त बसतात इतकंच. इंग्रजी पुस्तकात "टेक्स्ट लेखाला पुरतो" असं वाचलं असेल तर ते इंग्रजीपुरतं खरं आहे. दिवाळी अंकातल्या एखाद्या दीर्घकथेला तो अपुरा पडतो.

मग मजकूर बसत नाही म्हणून त्याने एरर का दिली नाही? मायएसक्यूएलमध्ये 'स्ट्रिक्ट मोड' असतो. तो चालू असेल तर जास्तीचा मजकूर नाकारला जातो. बंद असेल तर मावेल तेवढा ठेवून बाकीचा कापला जातो आणि फक्त एक सूचना नोंदवली जाते, जी आपल्या फॉर्मवर कधी दिसत नाही. ५.७ पासून हा मोड मुळातच चालू येतो, तुमच्या होस्टिंगवर तो बंद असणार. तुमच्या इंडेक्सनेही तेच सांगितलं. १००० अक्षरांचा इंडेक्स त्याला करताच येत नाही, कारण इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवणीच्या इंजिनात इंडेक्सची मर्यादा ३,०७२ बाइट आहे आणि यूटीएफ८एमबी४ मध्ये तो प्रत्येक चिन्हाला चार बाइट धरतो. म्हणजे ७६८ चिन्हं. स्ट्रिक्ट मोड चालू असता तर त्याने नकार दिला असता. तुमच्याकडे त्याने ७६८ चा करून टाकला.

आज झोपायच्या आधी एवढं करा. 'लेंग्थ' हे फंक्शन बाइट मोजतं, 'कॅर लेंग्थ' चिन्हं मोजतं. 'लेंग्थ' ६५,५३३ किंवा त्याहून जास्त आहे अशा सगळ्या ओळी काढा. तो चिन्हाच्या मधोमध कापत नाही, म्हणून आकडा ६५,५३५ च्या एक-दोन खालीही थांबतो. ती तुमची कापलेल्या लेखांची यादी.

मग रकाना मीडियमटेक्स्ट करा. त्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त बाइट मावतात आणि टेक्स्टच्या मानाने दर ओळीमागे फक्त एक बाइट जास्त लागतो. स्ट्रिक्ट मोडही चालू करून घ्या. जे कापलं गेलं ते डेटाबेसमधून परत येणार नाही, मूळ फाइलींवरूनच पुन्हा भरावं लागेल.

---

पुस्तकघर | मंगळवार, सकाळी ७:०५

११ लेख निघाले. अकराच्या अकरा मूळ फाइली आमच्या पेनड्राइव्हवर आहेत, देवाची कृपा. आज संध्याकाळी बसून भरते. रात्रपाळी दादा, मनापासून आभार. तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्ही पुढच्या महिन्यात जागा मोकळी करायला त्या फाइली पुसणार होतो.

---

मधलीसुट्टी | मंगळवार, सकाळी ९:२०

वाचनखूण साठवली. एक शंका: इंडेक्स असूनही शोध हळू का?

---

अक्षरवेल | मंगळवार, दुपारी १:१०

मी मुद्रितशोधनाचं काम करते, तेव्हा हे माझ्या भाषेत सांगते.

घरात तुकाराम महाराजांची गाथा असेल तर शेवटची पानं उघडून बघा. अभंगांची अकारादी सूची असते. अभंगाची सुरुवात आठवत असेल तर क्षणात पान सापडतं. पण मधल्या चरणातला एखादा शब्दच आठवत असेल तर ती सूची काही कामाची नाही, मग पहिल्या पानापासून चाळणं आलं. मायएसक्यूएलचा नेहमीचा इंडेक्स, ज्याला बी-ट्री म्हणतात, तो असा सुरुवातीवरून लावलेला असतो. ताईंच्या लेखांची पहिली ७६८ चिन्हं त्याने अकारादी लावून ठेवली. आणि शोधताना शब्दाच्या आधी टक्क्याची खूण लावली की त्याचा अर्थ होतो "सुरुवात काहीही असो". मग तो इंडेक्स बाजूला ठेवून सगळे २,६०० लेख वाचत बसतो.

हवी असते शब्दसूची. चांगल्या संशोधनग्रंथाच्या मागे असते तशी: शब्द, आणि पुढे तो ज्या ज्या पानांवर आलाय त्यांचे क्रमांक. डेटाबेसमध्ये तिला फुलटेक्स्ट इंडेक्स म्हणतात. लेख आत आला की त्याचे शब्द सुटे करायचे आणि प्रत्येक शब्दापुढे लेखाचा क्रमांक टाकायचा.

आता शब्द सुटे कोण करणार आणि कसे, तिथे मराठीचं खरं दुखणं सुरू होतं. त्यावर संध्याकाळी लिहिते, हातात काम आहे.

---

सांगावा | मंगळवार, दुपारी ३:३०

एवढा खटाटोप कशाला? शोधासाठी वेगळं इंजिन बसवा, इलॅस्टिकसर्च वगैरे. त्यात भारतीय लिप्यांसाठी 'इंडिक नॉर्मलायझेशन' नावाची गाळणी तयार मिळते. डेटाबेसने साठवावं, शोधाने शोधावं.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:१५

सांगावा, तुमचं म्हणणं मोठ्या कामाला लागू आहे. मीही नोकरीत तेच वापरतो. पण इथे २,६०० लेख आहेत आणि सांभाळणाऱ्या चौघीजणी आहेत, त्याही सुट्टीच्या दिवशी. दोन यंत्रणा म्हटलं की मजकूर दोन ठिकाणी. डेटाबेसमध्ये चूक दुरुस्त केली आणि शोधाच्या इंजिनात तीच राहिली, हे रोजचं होऊन बसतं. एकाच व्यवहारात लेख आणि त्याची सूची दोन्ही बदलतात हे रिलेशनल डेटाबेसचं मोठं सुख आहे. एवढ्या मजकुराला ते पुरून उरतं.

ताई, आहे त्या मायएसक्यूएलवर फुलटेक्स्ट इंडेक्स करता येईल, इनोडीबीमध्ये ५.६ पासून ती सोय आहे. पण एक खड्डा आधीच दाखवतो. त्यात तीनपेक्षा कमी चिन्हांचे शब्द मुळात सूचीत घेतच नाहीत. इंग्रजीत त्याने 'ऑफ' आणि 'इन' गळतात. आपल्याकडे घर, ऊस, वड, मन, वन, ऋण, सगळे दोन चिन्हांचे. शेतकऱ्यांच्या तालुक्यातल्या अंकात 'ऊस' शोधून एकही लेख आला नाही तर काय म्हणायचं? ही मर्यादा बदलता येते, पण त्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करून इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. सामायिक होस्टिंगवर तो अधिकार आपल्याला नसतो. ५.७ पासून दोन-दोन चिन्हांचे तुकडे करणारा 'एनग्रॅम' पार्सर आहे, त्याने 'ऊस' सापडेल, पण इंडेक्स फुगतो.

---

बांधावरून | मंगळवार, रात्री ८:५०

शब्द सुटे करण्यावरून माझा अनुभव सांगतो, कुणाचे तरी दोन महिने वाचतील.

मी शेतीच्या नोंदींचं एक मोबाइल ॲप करत होतो. गावात रेंज नसते म्हणून सगळं फोनमध्येच, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, आणि शोधाला त्याचं एफटीएस५ हे फुलटेक्स्ट शोधाचं साधन. चाचणीला एका काकांच्या हातात फोन दिला. त्यांनी "पाणी" शोधलं. यादीत पाण्याच्या नोंदी आल्या, पण त्यांच्यात पुण्याच्या बाजारभावाच्या नोंदी होत्या आणि पेणच्या गणपतीसाठी माती नेल्याचीही एक नोंद होती. काका म्हणाले, "अरे, यात पाणी कुठंय?"

रात्री बसून एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं तेव्हा कळलं. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे शब्द सुटे करणारा भाग, 'युनिकोड६१'. तो अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलंत ही चिन्हं युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरं नाहीत, 'मार्क' आहेत. तिथे तो शब्द तोडतो. मग 'पाणी' याचे झाले 'प' आणि 'ण'. 'पुणे' याचेही 'प' आणि 'ण'. 'पेण' याचेही तेच. त्याच्या लेखी तिन्ही एकच.

उपाय आहे. टोकनायझर ठरवताना 'कॅटेगरीज' या पर्यायात 'एमएन' आणि 'एमसी' हे मार्कांचे दोन वर्ग जोडायचे आणि टेबल नव्याने भरायचं. माझं काम त्याने झालं. पण तुम्ही कुठलाही डेटाबेस घ्या, सगळ्यात आधी पाणी, पुणे, पेण हे तीन शब्द घालून शोधून बघा. तिन्ही एकदम आले तर पुढे जाऊ नका.

---

मधलीसुट्टी | मंगळवार, रात्री ९:१५

आत्ता लॅपटॉपवर करून पाहिलं. खरंच तिन्ही आले! हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:३०

बांधावरून, फार कामाचा अनुभव. याच कारणासाठी ताईंना मी पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सुचवणार होतो. त्याच्या शोधाच्या पार्सरचा सोर्स कोड कधी उघडून बघा. त्यात "ही चिन्हं अक्षरं नसली तरी शब्द तोडणारीही नाहीत" अशा अर्थाची टीप लिहून खाली चिन्हांची यादी दिली आहे, आणि तिची सुरुवातच देवनागरी विसर्ग आणि देवनागरी काना यांनी होते. तो भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. ओलेग बार्टुनोव्ह आणि तिओदोर सिगायेव्ह या रशियन मंडळींनी पोस्टग्रेसचा हा शोध उभा केला. आधी तो वेगळा जोडावा लागे, ८.३ पासून, म्हणजे २००८ पासून, आतच येतो.

लांब मजकूर साठवायलाही तिथे सोपं आहे. टेक्स्ट हा एकच प्रकार, १ जीबीपर्यंत. ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की तो मोठा मजकूर दाबून वेगळ्या टेबलात हलवतो, त्याला टोस्ट म्हणतात. त्यामुळे नुसती शीर्षकांची यादी काढताना लेखांची पानं डिस्कवरून उचलली जात नाहीत.

पण साधा इंडेक्स संपूर्ण मजकुरावर करायला जाऊ नका, तिथेही बी-ट्रीची नोंद २,७०४ बाइटच्या वर गेली की एरर येते. कविता भरताना तो इंडेक्स चालतो आणि पहिला मोठा लेख आला की अडतो, म्हणून उशिरा कळतं. एकच लेख दोनदा भरला गेलाय का एवढंच बघायचं असेल तर मजकुराचा एमडी५, म्हणजे मजकुरावरून निघणारा छोटा ठसा, काढून त्यावर युनिक इंडेक्स ठेवा.

शोधासाठी मजकुरापासून 'टीएसव्हेक्टर', म्हणजे सुट्या शब्दांची यादी, तयार होते आणि त्यावर 'जिन' हा शब्दसूचीसारखा इंडेक्स. यालाही मर्यादा आहेत. एक टीएसव्हेक्टर १ एमबीच्या आत राहिला पाहिजे. शब्द लेखात कितवा आहे ते तो नोंदवतो, पण १६,३८३ पर्यंतच. त्यापुढच्या सगळ्या शब्दांना तोच आकडा मिळतो. म्हणजे एखादी कादंबरिका एका ओळीत भरलीत तर शेवटच्या प्रकरणात "लागून आलेले दोन शब्द" शोधता येणार नाहीत. म्हणून माझा आग्रह: लेखांचं टेबल वेगळं, पानांचं वेगळं. छापील अंकाचं एक पान म्हणजे एक ओळ. शोधाचं उत्तरही मग "१९८४, पान ३७" असं येईल, आणि वाचकाला कपाटातला अंक उघडता येईल.

---

पुस्तकघर | मंगळवार, रात्री ११:०५

पान ३७ हे वाचूनच मन भरून आलं. पानांचे क्रमांक आमच्याकडे प्रत्येक फाइलच्या नावात आहेत. पण विहीर?

---

अक्षरवेल | बुधवार, दुपारी १२:४५

विहिरीवर येते. त्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण मी ती बिघडलेली पाहिली आहे: मूळ मजकुराला हात लावू नका. आजींनी 'नांव' लिहिलं असेल तर ते 'नांव'च राहू दे. शोधासाठी शेजारी दुसरा रकाना करा, मी त्याला शोधरूप म्हणते. त्यात काय वाटेल ते सपाट करा. वाचकाला तो कधीच दाखवायचा नाही. इंडेक्स फक्त त्याच्यावर. आणि वाचक जो शब्द टाइप करेल तोही त्याच गाळणीतून जाऊ द्या, नाहीतर दोन्ही बाजूंचं जुळणार नाही.

गाळणीत काय काय हवं ते अनुभवाने सांगते.

'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ, हलंत, य. दुसरीत साधा र, हलंत, मग न दिसणारा 'झिरो विड्थ जॉइनर', मग य. पडद्यावर दोन्ही एकसारखे, बाइट वेगळे. युनिकोडची प्रमाण रूपं, एनएफसी वगैरे, या दोघांना एक करत नाहीत, ते आपल्यालाच करावं लागतं. आणि क्रम चुकवू नका. काही जण "अदृश्य चिन्हं काढून टाका" म्हणून आधी जॉइनर पुसतात. मग दऱ्याखोऱ्यांतल्या 'दर्‍या' याचा समुद्राचा 'दर्या' होतो. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. आधी र-हलंत-जॉइनरचा ऱ-हलंत करा, त्यानंतर उरलेले जॉइनर काढा.

'ॲ' याचंही तसंच. एक आख्खं चिन्ह आहे, ते युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र देऊन 'अॅ' करत, आजही बरेच कीबोर्ड तसंच करतात. डोळ्याला भेद दिसत नाही. दोन्हींचं एकच करा. अंकही एकाच तऱ्हेचे करा, कुणी १९८४ देवनागरीत टाइप करेल, कुणी इंग्रजी आकड्यांत.

जुन्या वळणाने लिहिणारी माणसं १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतरही कितीतरी वर्षं 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं' लिहीत राहिली. तुमच्या १९७८ च्या अंकात नक्की सापडतील. शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटीवर अनुस्वार असेल तर तो काढायला हरकत नाही, आजच्या लेखनात तसा शब्दान्त जवळजवळ येतच नाही. पण सरसकट अनुस्वार पुसू नका. आंब्याचा आबा होईल आणि रंगाचा रग. नांव, गांव, कांही अशा ठरावीक शब्दांची छोटी यादी ठेवा.

आता विहीर. तुम्ही तो लेख पुन्हा उघडून बघा. माझी पैज आहे की त्यात 'विहिरीत', 'विहिरीवर', 'विहिरीचं' असंच असेल, नुसती 'विहीर' कुठेही नसेल. मराठीत उपान्त्य अक्षर दीर्घ असलेल्या शब्दाला प्रत्यय लागताना तो ई-ऊ ऱ्हस्व होतो. विहीर–विहिरीत, जमीन–जमिनीत, फूल–फुलाला, मूल–मुलाने. म्हणून शब्दाच्या सुरुवातीवरून शोधलं तरी 'विहीर' आणि 'विहिरीत' तिसऱ्या अक्षराला पोचायच्या आतच वेगळे पडतात.

माझा उपाय: शोधरूपात सगळ्या दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व करा, सगळे दीर्घ उकार ऱ्हस्व करा. ई–इ आणि ऊ–उ सुद्धा. मग 'विहिर' हा 'विहिरित' चा सरळ आरंभ होतो. दिन आणि दीन एक होतील, शिर आणि शीर एक होतील, ते मला चालतं. दोन लेख जास्त आले तर वाचक ओलांडून जातो. जो लेख आलाच नाही तो आहे हेच त्याला कळत नाही. शिवाय टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घ चुकणाऱ्या प्रत्येक वाचकाचीही सोय होते.

---

पुस्तकघर | बुधवार, दुपारी २:२०

लेख उघडला. 'विहिरीचं पाणी', 'विहिरीत उतरलो', 'विहिरीवर रहाट'. दीड पानात अकरा वेळा. नुसती 'विहीर' एकदाही नाही.

---

सांगावा | बुधवार, दुपारी ३:००

अक्षरवेल, हे वाचून माझं मत थोडं बदललं. तयार गाळणीने एवढं सगळं झालं नसतंच. मूळ आणि शोधरूप वेगळं ठेवण्याला पूर्ण सहमत.

एक विचारतो, पोस्टग्रेसमध्ये स्टेमर असतात ना? शब्दाचे प्रत्यय कापून मूळ शब्द देणारे?

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:२०

स्नोबॉल या प्रकल्पाचे स्टेमर येतात. नेपाळी आणि तमिळ १२ व्या आवृत्तीत आले, हिंदी १४ व्या. मराठी नाही. आणि लिपी एकच म्हणून हिंदीचा स्टेमर मराठीला लावू नका, तो हिंदीचे प्रत्यय कापायला बनवलाय. 'सिंपल' हीच रचना ठेवा, ती शब्द आहे तसा घेते.

स्वतः प्रत्यय कापायचा मोह मलाही झाला होता. 'त' कापला की शेताचं 'शे' उरतं आणि हाताचं 'हा'. 'वर' कापला की सरोवराचं 'सरो'. मराठीत प्रत्यय ओळखायला शब्द माहीत असावा लागतो. त्यापेक्षा वाचकाने दिलेल्या शब्दाचाच विस्तार करणं सोपं पडतं, कारण तो एकच शब्द असतो. शेवटी 'आ' असेल तर त्याची रूपं जोडा: रस्ता दिला की 'रस्ता' ने सुरू होणारे, 'रस्त्या' ने सुरू होणारे आणि 'रस्ते'. शाळा दिली की 'शाळा' आणि 'शाळे'. शेवटी 'ई' असेल तर पाणी दिलं की 'पाणि' आणि 'पाण्या'. पोस्टग्रेसच्या क्वेरीत शब्दापुढे विसर्गासारखी खूण आणि तारका दिली की तो आरंभावरून शोधतो, आणि जिन इंडेक्स तिथे चालतो.

आरंभावरून शोधण्याचा एक तोटा: 'घर' दिलं की 'घरटं' येतं, 'घरंदाज' येतं, आणि 'घर्षण' ही येतं, कारण डेटाबेसच्या दृष्टीने घर्षणाची सुरुवात घ आणि र हीच आहे, हलंत त्यानंतरचा. शेवटच्यावर उपाय सोपा. आलेल्या उत्तरांतून, जिथे शोधलेल्या शब्दापुढे लगेच हलंत आहे ती जुळणी गाळा.

ताई, बांधणी करताना दोन बारीक गोष्टी. १२ व्या आवृत्तीपासून 'जनरेटेड' रकाना करता येतो. तो मजकुरावरून आपोआप भरतो, त्यामुळे चौघींपैकी कुणीही कुठूनही दुरुस्ती केली तरी शोधरूप मागे राहत नाही. त्यात टीएसव्हेक्टर करताना 'सिंपल' हे नाव स्पष्ट द्या. दिलं नाही तर ते सर्व्हरच्या सेटिंगवर अवलंबून राहतं आणि पोस्टग्रेस असा रकाना करूच देत नाही. दुसरं, सापडलेला शब्द ठळक करून दाखवणारं 'हेडलाइन' फंक्शन शोधरूपावर चालवू नका, वाचकाला सगळीकडे ऱ्हस्व वेलांट्या दिसतील. मूळ पान दाखवा आणि ठळक करण्याचं काम पानावरच्या स्क्रिप्टने करा, त्याच गाळणीतून शब्द जुळवत. तेही फक्त समोर दिसणाऱ्या दहा उत्तरांसाठी.

---

बांधावरून | गुरुवार, सकाळी ६:४५

'पीजी ट्रायग्रॅम' ही पोस्टग्रेसची तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांवरून शोधायची सोय वापरायचा विचार कुणी करत असेल तर आधी तिच्या 'शो ट्रायग्रॅम' फंक्शनला एक मराठी शब्द देऊन बघा. डेटाबेस 'सी' लोकेलवर, म्हणजे भाषेच्या 'सी' सेटिंगवर, बनवलेला असेल तर देवनागरीचं उत्तर रिकामं येतं. लोकेल डेटाबेस बनवतानाच ठरतं, मागाहून बदलायचं म्हणजे सगळं उतरवून पुन्हा भरायचं.

---

पुस्तकघर | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६:३०

मंडळी, सांगायला आले. भाड्याने एक छोटं मशीन घेतलं, पोस्टग्रेस बसवलं. रात्रपाळी दादांनी दोन रात्री फोनवर बसून मदत केली. मजकूर पानांमध्ये तोडला, साडेनऊ हजार पानं झाली. ११ कापलेले लेख पूर्ण भरले. "तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली" असं ते वाक्य होतं, आणि पुढे चार पानं.

सगळ्यात आधी पाणी, पुणे, पेण टाकून पाहिलं. तिन्ही वेगवेगळे आले.

शोध आता टाइप करून होईपर्यंत उत्तर देतो. सकाळी आजींच्या नातीला फोन करून बोलावलं. तिने "विहीर" टाकलं, १४ लेख आले, आजीचा तिसरा, १९८४, पान ३७. तिने पान दोनदा वाचलं आणि छापून मागितलं. तिच्या आईला वाचून दाखवायचं आहे म्हणाली.

एक राहिलंय. "पाऊस" शोधलं तर 'पावसात', 'पावसाचा' येत नाहीत. आमच्या अंकात पाऊस केवढा तरी आहे.

---

अक्षरवेल | रविवार, रात्री ८:००

फार आनंद झाला वाचून.

पाऊस ऱ्हस्व-दीर्घाने सुटणार नाही, तिथे ऊ चा व होतो. अशा शब्दांसाठी दोन रकान्यांचं छोटं टेबल करा: वाचकाचा शब्द आणि जोडायचा आरंभ. मी काढलेल्या जोड्या देते: पाऊस–पावसा, देऊळ–देवळा, भाऊ–भावा, कुंकू–कुंकवा, विंचू–विंचवा. टेबलात घालतानाही शोधरूपाच्या गाळणीतून घाला.

---

मधलीसुट्टी | रविवार, रात्री ८:४०

गहू–गव्हा. आजीला विचारलं तर तिने लगेच लिंबू–लिंबा आणि वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता राऊळ–रावळा पण सांगितलं.

---

पुस्तकघर | रविवार, रात्री ९:५०

आठही जोड्या घातल्या. 'पाऊस' ला आता २१२ पानं येतात, मगाशी ५८ येत होती. 'गहू' ने १९९१ च्या अंकातलं एक पान वर आणलं, गव्हाच्या चिकाच्या कुरडयांचं. ते कुणी लिहिलं होतं ते आम्ही चौघी महिनाभर शोधत होतो.

अजून जोड्या सुचतील तशा इथेच टाका, मी दर रविवारी घालत जाईन.